निळ्याच्या जागी बसलेला बिल्ला

मी एक बिल्ला बोलतोय. बोलायला तोंड नाही, हे आधीच सांगून टाकतो. चोच आहे, पण ती जांभईसाठी उघडलेली आहे आणि कायमची तशीच छापलेली आहे.

माझ्या अंगावर घुबडरावचं चित्र आहे. तुम्ही मोबाइलवर पाहिला असेल, अर्ध्या मिनिटाच्या त्या गमतीच्या व्हिडिओत येतो तो. चष्मा लावलेला, खांद्यावर टॉवेल, डोळे अर्धे मिटलेले. खाली गोलाकार अक्षरांत लिहिलंय, ‘सकाळी दहाच्या आधी बोलू नका’. एका वर्षी कॉलेजात जो तो हे वाक्य दुसऱ्याला म्हणत होता. पुढच्या वर्षी म्हणेनासा झाला. आमच्या जातीच्या बिल्ल्यांचं असंच असतं. लोक हसतात तेवढे दिवस आम्ही छातीवर, मग बॅगेवर, मग खणात.

माझा जन्म जळगावच्या एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात झाला. मांडवात टेबलावर एक हाताचं यंत्र होतं. खाली पत्र्याची गोल वाटी, तिच्यावर कागदाचं चित्र, चित्रावर पातळ प्लास्टिक. दांडा एकदा दाबला की कडा आत वळायच्या. दुसऱ्यांदा दाबला की पाठीला पिन बसायची. दोन दाबांत मी तयार. एवढ्या सोप्या जन्माचा गर्व वाटायचं कारण नाही, पण मला होता. मी पिवळाधमक होतो आणि माझ्यासमोर रांग लागली होती.

चैतालीने मला उचललं ते काही न बोलता. ती फारसं बोलायचीच नाही. तिच्या कापडी बॅगेवर आम्ही नऊ जण होतो. एक क्रिकेटची बॅट, एक गिटार, एक मांजर, एक कुठल्याशा मालिकेतली खलनायिका. मुलगी गप्प आणि बॅग बडबडी, असं तिच्या मैत्रिणी म्हणायच्या. मला वाटतं, तिला जे बोलायचं असायचं ते ती आमच्याकडून बोलून घ्यायची.

मग तिचं लग्न झालं आणि आम्ही सुरतेला आलो.

सासर लिंबायतमध्ये. खोल्या दोन, माणसं चार, मधे एक पडदा. सासरे हिलालबाबा, कडोदऱ्याच्या यंत्रमागांवर आयुष्य घालवून आता घरी बसलेले. सासू अनुसया, तिच्या तोंडाला धार आणि हाताला चव. आणि लोकेश, चैतालीचा नवरा, रिंगरोडच्या मार्केटात एका साड्यांच्या ऑफिसात बिलं बनवणारा. चैतालीने बॅग पुढच्या खोलीत कपाटावर टाकली. नव्या नवरीनं खांद्याला जांभई देणारं घुबड लावून फिरायचं नसतं, एवढं तिला कुणी न सांगता कळलं. बॅगेची एक बाजू खाली लोंबत राहिली, त्यामुळे मला खोली दिसायची. त्या घरात पहाटे पाचला पाणी येतं आणि अनुसयाबाईंचं बोलणं त्याच्याही आधी सुरू होतं. माझ्या अंगावरचं वाक्य तिथं कुणी वाचलं असतं तर हसून लोळलं असतं.

पण मी तिथून जे रोज पाहायचो ते दुसरंच होतं. समोरच्या भिंतीवर, दरवाजातून शिरल्या शिरल्या दिसेल असं, एक मखमलीचं कापड टांगलेलं होतं. त्यावर बिल्ले. साठ-सत्तर तरी असतील. चाळीस वर्षांचे. कामगार संघटनेचे, रक्तदान शिबिराचे, कबड्डीच्या सामन्यांचे, बबलगमच्या पाकिटातून निघालेले खेळाडू, तापीला पूर आला तेव्हाच्या मदत केंद्राचा एक गंजलेला, ‘प्रमिलाबाई आणि पार्टी’ या गायन पार्टीचा एक, ज्याच्यावरून अनुसयाबाई अजून टोमणे मारायच्या.

“ही प्रमिलाबाई रोज सकाळी माझ्यासमोर उभी राहते,” त्या म्हणायच्या. “आणि मीच तिला फडक्यानं पुसते. माझ्यासारखी येडी नाही कोणी.”

“गळा चांगला व्हता तिचा,” हिलालबाबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे.

“गळाच ऐकायले जात व्हतात ना?”

सगळ्यांच्या मधोमध एक मोठा निळा होता. छोट्या पुरीएवढा. निळ्यावर पांढरं चक्र, वर ‘जय भीम’, खाली ‘जयंती महोत्सव, १९९१’. निळा आता तसा निळा राहिला नव्हता, कडेला पत्रा दिसत होता. पण नजर आधी त्याच्यावरच जायची.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी बाबांनी चैतालीला कापडासमोर उभं केलं. ते सुरतेला आले त्याच वर्षीचा तो बिल्ला. मिरवणुकीतून तसाच छातीवर घेऊन ते दुसऱ्या दिवशी मागावर गेले होते. मुकादम म्हणाला, काढ. हे म्हणाले, पाळी संपली की काढतो. पाळी संपली आणि त्यांचं कामही संपलं. दोन महिने घरी बसून होते. मग कडोदऱ्याला दुसरीकडे लागले.

“म्हणून एक नियम केला मी,” ते म्हणाले. “या कापडावर बिल्ला असाच चढत नही. आधी एक दिवस छातीवर लावानं. उघड्यावर, चार लोकांत. दिवा लागेपर्यंत. मग इथं. एकदा उतरला तर पुन्हा एक दिवस.”

“सगळे घातलेत तुम्ही?” चैतालीने विचारलं. ते तिचं त्या दिवसातलं पहिलं वाक्य असावं.

“सगळे. कबड्डीवाला घालून तर लग्नात गेलो व्हतो. हिच्या भावाच्या.”

“नाक कापलं व्हतं माझं,” आतून आवाज आला.

मी कपाटावरून ऐकत होतो. खरं सांगतो, मला हेवा वाटला. मी छातीवर कधीच गेलो नव्हतो. मी पहिल्यापासून बॅगेचा.

आता ज्याची लाज वाटते त्याकडे येतो.

कामरेजच्या बाजूला एका सोसायटीत लोकेशनं भाड्याचा फ्लॅट पाहून ठेवला होता. दोन बेडरूम, एक मोठा हॉल, आणि नळ घरात. नळाचं ऐकून अनुसयाबाई दोन दिवस कुणाला रागावल्या नाहीत. पडद्याच्या अलीकडे-पलीकडे झोपणाऱ्या चार माणसांना त्या फ्लॅटची किती गरज होती हे मी सांगायला नको. हिलालबाबांना तर अलीकडे नसलेला खोकला यायला लागला होता. पडदा हलला की खोकायचे बिचारे, आपण जागे आहोत हे कळावं म्हणून.

फ्लॅटचे मालक धनसुखभाई, साठी उलटलेले, एकटेच सगळा व्यवहार बघणारे. त्यांची एकच अट होती: घर देण्याआधी माणसांच्या घरी जाऊन चहा प्यायचा. “घर जोवुं एटले माणस जोवुं,” ते फोनवर म्हणाले. घर पाहिलं की माणूस कळतो.

ते गुरुवारी संध्याकाळी पाचला येणार होते. बुधवारी लोकेशनं चैतालीला हळू आवाजात सांगितलं, “उद्या ते कापड काढून ठेव. दोन तासांसाठी.”

“बाबांना काय सांगू?”

“सांग, धुवायला काढलं.”

“मखमल कोण धुतं?”

“चैताली, मला वादावादी नकोय. ऑफिसात मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आडनावावरून काही कळत नाही. चाललंय ते चालू दे ना. आईच्या नळासाठी म्हणतोय मी.”

चैताली गप्प बसली. ती गप्प बसली की तिच्या डोक्यात काहीतरी चालू असतं, हे मला बॅगेच्या दिवसांपासून माहीत. तिनं विचार केला की भिंत रिकामी दिसली तर बाबा दारातच थबकतील. पण एकच बिल्ला बदलला तर? बाबांची नजर अधू झालीय. ते पाचच्या आधी बागेतून येतील, थेट खाटेवर बसतील. पाहुणा जाईल, निळा परत जाग्यावर. नवऱ्याचं मन राखलं, सासऱ्याचंही राखलं. हुशार मुलीच अशी चूक करतात.

गुरुवारी दुपारी तिनं कपाटावरून बॅग काढली. आम्हा नऊ जणांवरून बोट फिरवलं आणि मला काढलं. मी पिवळा होतो, हसरा होतो, कुणाच्याही घरात चालण्यासारखा होतो. निळ्याला तिनं काढून तांदळाच्या डब्यात खुपसलं, गंजू नये म्हणून. आणि माझी पिन मखमलीत घुसवली.

तेव्हा मला काय वाटलं ते लपवत नाही. मला आनंद झाला. सहा महिने कपाटावर धूळ खाल्ल्यावर मी एकदम मधोमध होतो. प्रमिलाबाई माझ्या डाव्या हाताला, पूरवाला उजव्या. कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, नव्याशी बोलायला लाजत असतील.

लोकेश ऑफिसातून लवकर आला, येताना बाहेरून लोचो घेऊन, सुरतेचा तो डाळीचा मऊ नाश्ता. त्यानं भिंतीकडे पाहिलं, मला पाहिलं, आणि लोचो ताटलीत काढायला वळला. अनुसयाबाई आत कांदे चिरत होत्या. बाबा आले, चपला काढल्या, खाटेवर बसले. भिंतीकडे पाहिलं नाही. रोज दिसते ती गोष्ट माणूस रोज पाहत नाही.

धनसुखभाई पाच वाजून पाच मिनिटांनी आले. गोल, गोरे, घामानं डबडबलेले, आणि बोलके इतके की चैतालीला पाणी द्यायलाही मधे जागा मिळेना.

“लोचो तो हुं रोज खाउं छुं, बेन,” ताटली पाहून ते म्हणाले. “घरनुं कंई नथी?” घरचं काही नाही का?

लोकेशनं खाली पाहिलं. बाहेरचं आणलं होतं ते का आणलं होतं, हे त्यालाच माहीत होतं. घरचं पाहुण्याला चालेल की नाही, ही शंका त्यानं पाहुण्याच्या वतीनं आधीच घेऊन टाकली होती. अनुसयाबाईंनी आतून लगेच गरम कांदाभजी पाठवली. धनसुखभाईंनी सात खाल्ली. आठवं हातात घेऊन ते उठले आणि कापडासमोर येऊन उभे राहिले.

“अरे वाह!” ते गुजरातीत बोलत होते, मी तुम्हाला मराठीतच सांगतो. “हा बॅटवाला माझ्याकडे होता! बबलगममधून निघायचा. बिस्किटांचा डबा भरून होते माझ्याकडे. आईनं एक दिवस भंगारवाल्याला देऊन टाकले. चार दिवस जेवलो नव्हतो मी.” एकेकाला बोट लावत ते मधे आले. माझ्यासमोर थांबले. चष्मा कपाळावरून खाली घेतला.

“आ घुवड नवुं लागे छे.”

हे घुबड नवं वाटतंय.

मग त्यांनी नखानं माझ्याभोवती एक गोल काढला. हळूच, मला स्पर्श न करता. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझ्याभोवती काय आहे. दरवाजातून येणाऱ्या उन्हानं ती मखमल इतक्या वर्षांत फिकी पडली होती, वाळलेल्या आमसुलासारखी. पण जिथं जिथं बिल्ला होता तिथं खाली मूळचा गडद रंग शाबूत होता. निळा मोठा, मी लहान. माझ्याभोवती गडद रंगाचं एक कडं उघडं पडलं होतं. ते कडं माझी शोभा आहे असं एवढा वेळ मला वाटत होतं.

“अहीं कोण हतुं?” त्यांनी विचारलं. इथं कोण होतं? मोठा होता. खूप वर्षं होता.

हिलालबाबांनी मान वर केली. डोळे बारीक केले. मग उठून दोन पावलं पुढे आले. त्यांनी मला पाहिलं. मग लोकेशकडे पाहिलं, तो बशीकडे बघत होता. मग चैतालीकडे पाहिलं. तिच्या हातात चहाचा ट्रे होता आणि कप ट्रेवर किणकिणत होते.

मला वाटलं, आता म्हातारा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“पिन तुटली होती त्याची,” बाबा म्हणाले. अगदी शुद्ध, पाहुण्यांशी बोलायच्या मराठीत. “दुरुस्तीला दिलाय.”

“कसला होता?”

“युनियनचा,” बाबा म्हणाले.

मी पत्र्याचा आहे. मला घाम येत नाही, माझा चेहरा लाल होऊ शकत नाही, माझे डोळे छापलेले आहेत, मी ते खाली घालू शकत नाही. त्या क्षणी मला ती सगळी सोय हवी होती. ज्या माणसानं कामावर पाणी सोडलं पण तो बिल्ला खाली घेतला नाही, त्यानं त्याचं नाव बदललं. आणि ते त्यानं माझ्यासाठी केलं. माझ्या मालकिणीच्या हातातले कप किणकिणू नयेत म्हणून.

धनसुखभाई “हं” म्हणाले. आठवं भजं खाल्लं. चहा प्याले, अनुसयाबाईंना हात जोडले आणि गेले.

दार लागल्यावर चैतालीनं धावत जाऊन तांदळाच्या डब्यातून निळा काढला. त्याच्या चक्राच्या आऱ्यांत तांदळाचं पीठ बसलं होतं. पदरानं पुसून ती भिंतीकडे वळली.

“थांब,” बाबा म्हणाले. “तुले नियम माहीत शे ना?”

“बाबा, माझं चुकलं. मी...”

“उतरेल बिल्ला असाच चढत नही.”

“मग तुम्ही उद्या एक दिवस घाला. मी घालून देते.”

“मी?” ते खाटेवर बसले. “मी कोनत्या तोंडानं घालू? आज मी खोटं बोलनू. त्याले युनियनचा म्हणी टाकं.”

अनुसयाबाई दारात उभ्या होत्या. त्या लोकेशला म्हणाल्या, “तुला लाज वाटते ना, वाटू दे. तुझी तू बघ. पण बापाच्या तोंडून वदवलंस रे ते.”

“मी कुठं काय वदवलं? मी तर सगळं कापडच काढ म्हणालो होतो!”

“मोठं काम करत व्हतास.”

“त्यांना नका बोलू, आई,” चैताली म्हणाली. “बिल्ला मी बदलला.” आणि ती मला काढायला पुढे झाली.

“राहू दे त्याले तिथं,” बाबा म्हणाले. “माले दिसू दे.”

मग मी दहा दिवस तिथं होतो. मधोमध. ज्या जागेचा मला दुपारी आनंद झाला होता त्या जागेवर दहा सकाळी मला हिलालबाबांनी पाहिलं. ते उठायचे, माझ्यासमोर येऊन उभे राहायचे, मग भिंतीकडे पाठ करून चहा प्यायचे. अनुसयाबाई सगळे बिल्ले पुसायच्या, मला सोडून. प्रमिलाबाईलासुद्धा पुसायच्या, टोमणा न मारता. घरात टोमणे बंद झाले की समजावं, काहीतरी फार बिघडलंय.

आठव्या दिवशी धनसुखभाईंचा फोन आला. भजीची आठवण काढली. म्हणाले, रविवारी दोघं या, कागद करून टाकू. लोकेशनं फोन ठेवला आणि सगळ्यांकडे पाहिलं. “मिळाला,” तो म्हणाला. नळाचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

रविवारी सकाळी चैतालीनं तिची मोरपंखी साडी नेसली. आरशासमोर उभी राहून तिनं खांद्यावरची पदराची पिन काढली आणि तिच्या जागी निळा लावला. मग माझ्याकडे आली. “चल,” ती म्हणाली, आणि मला काढून पर्सच्या पट्ट्याला लावलं. मखमलीच्या मध्यावर नुसता गडद गोल राहिला.

हिलालबाबा दारात बसले होते. त्यांनी तिच्या खांद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“जराखा वर लाव,” ते म्हणाले. “पदरखाले जाई राहिना.”

अर्धा पदराखाली जात होता. तिनं वर लावला.

लोकेश चपला घालत होता. “हे काय?”

“एक दिवस घालायचाय.”

“आजचाच दिवस मिळाला?”

“त्यांच्याशीच खोटं बोललो ना आपण. मग त्यांच्याकडेच जायला हवं.”

रिक्षात तो पूर्ण वेळ बाहेर बघत होता. कामरेज जवळ आलं तसा म्हणाला, “चैताली, वर असेपर्यंत तरी पर्समध्ये ठेव. खाली उतरल्यावर परत घाल. पाय धरतो तुझे.”

“काढला तर पदर सुटेल.”

“दुसरी पिन नाही?”

“नाही आणली.”

नवी नवरी घराबाहेर पडताना जास्तीची पिन घेत नाही, यावर फक्त पुरुषच विश्वास ठेवू शकतो. पर्सच्या आतल्या कप्प्यात चार होत्या. मी काही बोललो नाही.

धनसुखभाईंनी दार उघडलं आणि त्यांची नजर आधी खांद्यावर गेली. त्यांनी चष्मा खाली घेतला, वाचलं, चष्मा परत वर केला.

“तो आ हतो,” ते म्हणाले. म्हणजे हा होता तर.

“हो, काका.” चैतालीचा आवाज पर्सच्या पट्ट्यापर्यंत थरथरत होता. “युनियनचा नव्हता. बाबा कधी खोटं बोलत नाहीत. माझ्यामुळे बोलले. मी हा काढून तांदळात लपवला होता.”

धनसुखभाई खुर्चीत बसले. टेबलावर कागद तयार होते. त्यांनी पेन उचलून ठेवलं. मग म्हणाले, “मने तो ते दिवसेज खबर पडी गई हती.” त्याच दिवशी कळलं होतं. बिल्ले जमवणाऱ्याला रिकाम्या जागेवरूनसुद्धा बिल्ला ओळखता येतो. “मला काही अडचण नाही. असती तर फोन केला असता का? पण सोसायटीत कमिटी आहे, शंभर तोंडं आहेत. तुम्ही या. आनंदानं राहा. फक्त ते कापड हॉलमध्ये नको. आत, बेडरूममध्ये लावा. कोण बघायला येतंय?”

ते हे फार मायेनं म्हणाले. म्हणूनच उत्तर देणं अवघड झालं. दार ढकलून लावलं असतं तर रागावता आलं असतं. इथं दार उघडं होतं, फक्त वाकून शिरायचं होतं.

मी लोकेशकडे पाहिलं. चैतालीनं पाहिलं नाही. मला वाटतं, तिला त्याचं उत्तर ठाऊक होतं आणि ते होताना बघायचं नव्हतं.

लोकेशनं कागदांकडे पाहिलं. मग बायकोच्या खांद्याकडे. घसा साफ केला, अगदी बापासारखा.

“काका, ते कापड पुढच्याच खोलीत असतं,” तो म्हणाला. “दरवाजासमोर. पहिल्यापासून.”

“विचार करीने फोन करजो,” धनसुखभाई म्हणाले. विचार करून फोन करा. पण ते टेबलाकडे बघून म्हणाले. आम्हाला सोडायला लिफ्टपर्यंत आले नाहीत. दार लावता लावता त्यांनी मला एकदा पाहिलं. “घुवड सारुं छे,” असं काहीसं पुटपुटले. घुबड छान आहे. मला ते कौतुक नको होतं.

खाली आल्यावर दोघं बराच वेळ फाटकापाशी उभे होते.

“किती वाजले?” चैतालीनं विचारलं.

“दोन.”

“दिवा लागेपर्यंत घालायचाय. उघड्यावर. घरी गेलो तर मोजणार नाहीत बाबा.”

लोकेशला हसू आलं. रडू आलं असतं तरी चेहरा तसाच दिसला असता. “मग चल,” तो म्हणाला. “मार्केटाकडून जाऊ.”

रविवार असूनही रिंगरोडवर गर्दी होती. लोकेश तिच्या बिल्ल्याच्या बाजूनं चालत होता, सकाळी तो दुसऱ्या बाजूला होता. त्याच्या ऑफिसातला एक जण मोटारसायकल थांबवून “अरे लोकेशभाई! भाभी, नमस्ते!” म्हणाला. मग त्याची नजर खांद्यावर टेकली. तिथून लोकेशवर आली. “तू कधी बोलला नाहीस,” तो हिंदीत म्हणाला.

“तू कधी विचारलं नाहीस,” लोकेश म्हणाला. मग थोडं थांबून, “नाही, तसं नाही. मीच नाही बोललो.”

“ठीक है. कल मिलते हैं,” म्हणून तो गेला. ‘कल’ कसा असेल ते त्याच्या पाठीवरून कळत नव्हतं.

दिवे लागल्यावर घरी आलो. हिलालबाबा खाटेवरच होते.

“कोनी पाह्यं का?” त्यांनी विचारलं.

“सगळ्यांनी,” चैताली म्हणाली. “काकांनापण सांगितलं. खरं काय ते.”

“आणि घर?”

लोकेशनं मान हलवली. आतून अनुसयाबाईंचा आवाज आला, “पाणी पाचला येतं म्हणावं, अजून. उठवीन सगळ्यांना.”

बाबा उठले. सुनेच्या खांद्यावरून निळा काढताना त्यांनी दुसऱ्या हातानं तिचा पदर धरून ठेवला. मग भिंतीकडे जाऊन गडद गोलावर तो अचूक बसवला. कडं कुठं दिसेना.

“आणि हे?” चैतालीनं पर्स पुढे केली.

त्यांनी मला जवळ घेऊन वाचलं. ‘सकाळी दहाच्या आधी बोलू नका.’ अकरा दिवसांत पहिल्यांदा त्या घरात कुणी मोठ्यानं हसलं.

“हाऊ पर्सवर व्हता,” ते म्हणाले. “छातीवर नही. याचा दिवस नही व्हयना.”

त्यांचं बरोबर होतं.

याला आता दोन महिने झाले. फोन आला नाही आणि कुणी केलाही नाही. पडदा आहे तिथंच आहे. लोकेश ऑफिसात जातो. काही जण पूर्वीसारखे बोलतात, काही जास्त गोड बोलतात, एक जण डबा वेगळ्या टेबलावर खातो. हे तो घरी सांगतो. पूर्वी सांगायचा नाही.

मी पर्सवर आहे. पर्स खिळ्याला, खिळा कापडाच्या खाली. चैताली मला काढून फेकत नाही, आणि छातीवरही लावत नाही. मला वाटतं, मी तिला हवा आहे तो आठवणीसाठी, आणि आठवण चांगली नाही. माझी तक्रार नाही. माझा रंग उडायला लागलाय, जांभई अजून शाबूत आहे.

तुम्ही मला विकत घेतलंत, फुकट घेतलंत, रस्त्यात सापडलो, तर कुठंही लावा. बॅगेला लावा, पडद्याला लावा, पोरांच्या टोपीला लावा. हसा माझ्यावर, त्यासाठीच दोन दाबांत मला केलंय. पण दुसऱ्या कुणाला झाकायला मला लावू नका. मी लहान आहे. मला ते झेपत नाही.

निळा आता त्याच्या जागी आहे. अनुसयाबाई त्याला रोज पुसतात. त्याच्या पाठीमागे, मखमलीत, माझ्या पिनेची दोन भोकं आहेत. बाहेरून दिसत नाहीत. मला माहीत आहेत.